दुरुस्ती खाती नऊ हजार आठशे

मला राग धरून ठेवता येतो. हा गुण म्हणायचा की खोड, यावर माझं आणि बायकोचं कधी एकमत झालं नाही. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवत नाही. ज्या माणसाबद्दल मी हे लिहितोय तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो, हातही जोडले होते, आणि हात जोडतानासुद्धा माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. नऊ हजार आठशे. दुरुस्ती खाती.

आम्ही तेव्हा चिंचवडच्या गावठाणात राहायचो. मूळचे मावळातले. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तरुणपणी खडकीला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायला शिकले आणि पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात मिस्त्री झाले. कारखाना म्हणजे रेल्वेच्या रुळांलगत एक लांबोडकी पत्र्याची शेड. पाण्याच्या पंपाचे सुटे भाग तिथे तयार व्हायचे. पलीकडे निर्वासितांची छावणी होती, तिची दुकानं हळूहळू रस्त्याकडे सरकत होती. सगळा मुलूखच तेव्हा काहीतरी उभं करण्याच्या घाईत होता.

मालकालाही घाई झाली. त्याने कारखान्याची लिमिटेड कंपनी केली आणि दहा रुपयाला एक असे शेअर काढले. आमच्याकडे तो स्वतः आला. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली, घोंगडीवर मांडी घालून बसला, बशीतून चहा प्यायला आणि माझ्या आईला म्हणाला, "वहिनी, कारखाना आता माझ्या एकट्याचा राहिला नाही. तो तुमचा सगळ्यांचा. नफ्यातला वाटा दरसाल घरपोच येईल."

आईच्या हातात माहेरच्या पाटल्या होत्या. चार तोळ्यांच्या. तिने त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, इतक्या वर्षांत त्या हातात बसल्या होत्या. चारशे रुपये आले, चाळीस शेअर आले. सोनं तिचं म्हणून शेअरही तिच्याच नावाने घेतले, हा आबांचा सरळपणा. हिरव्या नक्षीचा तो कागद आईने ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तिने माझ्याकडून विचारून घेतलं होतं आणि त्या ओळीवरून ती बोट फिरवायची.

पहिल्या वर्षी पेढे आले, वाटा नाही. कंपनी नवीन आहे, म्हणाले. दुसऱ्या वर्षी कार्ड आलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच कार्ड: "यंदा कंपनीस तोटा झाल्याने लाभांश देता येत नाही. लोभ असावा." कार्डासोबत सभेची नोटीस आणि इंग्रजीत छापलेला ताळेबंद. तो आम्ही कुणी वाचत नसू. आई तो फडताळात डाळीच्या डब्याखाली अंथरायची.

त्या तिसऱ्या कार्डानंतर मालकाने आबांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की कंपनीचं काही खरं नाही, पण तुमच्यासारख्या जुन्या माणसाचं नुकसान माझ्याच्याने बघवत नाही. माणुसकी म्हणून मी तुमचे शेअर तीन रुपयाने घेतो. सभा व्हायच्या आत सांगा. म्हणजे चारशेचे एकशेवीस. कारखान्यातल्या सात-आठ जणांनी तर देऊनही टाकले होते.

आबा द्यायला तयार झाले. "मालक तोंडानं म्हंतोय त्ये घ्यावं," ते म्हणाले. "उद्या ह्ये बी न्हाई मिळायचं."

आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही, पण तिने एक प्रश्न विचारला. "तोटा झालाय म्हंता, तर मग यंदा चार लेथ कशानं आल्या?"

आबा म्हणाले, "त्या व्हय? त्या देहूरोडच्या लष्कराच्या लिलावातल्या. भंगार व्हतं. मीच उभ्या केल्या."

"भंगार फुकट आलं?"

"फुकट कसं येईल?"

"मग पैका कुठनं आला? कर्ज काढलं?"

"न्हाई, तवा न्हाई काढलं."

"मग तोटा झालेल्या माणसाकडं पैका आला कुठनं, येवढंच सांगा," आई म्हणाली आणि तव्यावर भाकरी टाकली. आबांना ते सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि मी तर हिशेब शिकत होतो.

मी पुण्यात भवानी पेठेतल्या एका वखारीत कारकून होतो. वखार उघडायच्या आधी, सकाळी, शनिवार पेठेतल्या एका वर्गात जमाखर्चाच्या परीक्षेचा अभ्यास करायचो. शिकवणारे मास्तर म्हातारे होते आणि फार टोचून बोलायचे. आईने तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर उदाहरण घातलं. एका कंपनीने यंत्र घेतलं, त्याची किंमत अमुक, रेल्वेभाडं अमुक, जकात, पाया बांधायला सिमेंट, बसवणाऱ्यांची मजुरी, चालवून बघायला लागलेलं तेल. तर यंत्र ताळेबंदात किती रुपयांना दाखवाल? मी झटकन उत्तर दिलं. फक्त खरेदीची किंमत धरली, बाकी सगळं खर्चात टाकलं.

"वा," मास्तर म्हणाले. "म्हणजे तुमचं यंत्र पायाशिवाय हवेत फिरणार. आणि देहूरोडहून पुण्याला आपल्या पायांनी चालत येणार." सगळे हसले. मास्तरांनी देहूरोड का म्हटलं कुणास ठाऊक, समोर मी चिंचवडचा बसलो होतो म्हणून असेल. मग त्यांनी सांगितलं, "यंत्र कामाला लागेपर्यंत जे जे लागलं ती यंत्राची किंमत. ती एका वर्षाच्या नफ्यातून कापायची नाही. यंत्र जेवढी वर्षं चालेल तेवढ्या वर्षांत घसारा म्हणून थोडी थोडी कापायची. कामाला लागल्यानंतर जे लागलं ती दुरुस्ती. ती त्याच वर्षी कापायची. हे उलटंपालटं केलंत, तर नफ्याचा तोटा करता येतो."

मी हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यात आईच्या त्या चार लेथ होत्या. त्या दिवशी वखारीत मी तीन पावत्या चुकवल्या.

घरी येऊन आधी डाळीचा डबा उचलला. ताळेबंदावर तुरीचे दाणे चिकटले होते. नफातोटा पत्रकात सगळ्यात मोठी रक्कम मालाची, त्याच्याखाली पगार, आणि त्याच्याखाली: दुरुस्ती व देखभाल, रुपये नऊ हजार आठशे. आदल्या वर्षी तीच रक्कम साडेबाराशे होती. अखेरीस तोटा, रुपये सोळाशे पन्नास. आणि बँकेतली शिल्लक? वर्षाच्या सुरुवातीला अकराशे, शेवटी तेराशे. तोटा साडेसोळाशेचा आणि रोकड दोनशेने वाढलेली.

त्याचा उलगडा व्हायला मला दोन संध्याकाळी लागल्या. जुन्या यंत्रांचा घसारा साडेअठराशे कापलेला होता. घसारा कुणाला द्यावा लागत नाही, तो कागदावरच कापला जातो. पैसे तिजोरीतच राहतात. साडेसोळाशेच्या तोट्यात तो परत मिळवला की दोनशे रुपये येतात. तेवढीच शिल्लक वाढली होती. म्हणजे रोकड बरोबर जुळत होती. जुळत नव्हती ती गोष्ट एकच: चार लेथ शेडमध्ये उभ्या होत्या आणि ताळेबंदात यंत्रांच्या खात्यावर नवा एक रुपया नव्हता. आईने भाकरी थापताना विचारलं होतं ते हेच.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. शुद्ध आनंद. एखाद्याला चोरी करताना खिडकीतून पाहावं आणि त्याला आपण दिसू नये, तसा. त्याने बशीतून प्यालेला चहा मला आठवला, साबण लावलेलं आईचं मनगट आठवलं, आणि मी ठरवलं की या माणसाला भर सभेत उघडा करायचा. शेअरचं काय व्हायचं ते होवो. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

आता नऊ हजार आठशे फोडून दाखवायला हवे होते. ते आबांकडेच मिळणार होते. मिस्त्री म्हणून ते रोजच्या कामाची वही ठेवायचे. कोणत्या कामाला किती माणसं, किती तास, कोणता माल. दर महिन्याला तिची त्यांच्याच अक्षरातली नक्कल ऑफिसात जायची आणि तिच्यावरून हिशेबनीस खतावणी करायचा. मूळ वही घरी असायची. मी ती उघडली आणि गारच झालो.

"लिलावाचं भंगार, चार नग, दुरुस्तीसाठी: ३२००." "ट्रक भाडं, दुरुस्तीचा माल: २४०." "सिमेंट, खडी, गवंडी, दुरुस्ती: ५६०." "गिअर, बेअरिंग, पट्टे, दुरुस्ती: १९००." "मजुरी, दुरुस्ती: २५००." ओळीमागून ओळ, आबांच्या ठसठशीत मोडक्या अक्षरात. बेरीज आठ हजार चारशे. राहिलेले चौदाशे तेवढे खऱ्या दुरुस्तीचे होते.

"आबा, हे दुरुस्ती दुरुस्ती काय लिहिलंय सगळीकडे?"

"मग काय लिवू?" ते गोंधळून म्हणाले. "मोडकं आणलं, नीट केलं. पान्यानं नीट केलं त्याला आमी दुरुस्तीच म्हंतो. गंजल्याली लेथ, तिचा दात न् दात मी घासलाय."

त्यांचं चुकलं होतं असंही म्हणवेना. कुठल्याही मिस्त्रीने हेच लिहिलं असतं. पण हिशेबनिसाला फरक कळत होता, मालकाला कळत होता, आणि दोघांनी आबांचा शब्द जसाच्या तसा उचलून खतावणीत बसवला होता. तपासनीस वर्षातून दोन दिवस यायचे, वहीशी पावत्या ताडायचे, सही करायचे. लबाडी मालकाची आणि अक्षर माझ्या बापाचं. माझा राग तिथे दुप्पट झाला.

"मालकाला ठाऊकच नसंल," आबा म्हणाले.

"चार लेथ आल्या हे ठाऊक नसेल?"

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "हिशेबाचं वरीस सरल्यावर, संक्रांतीनंतर, बँकेचा सायब आला व्हता. लेथी बघून गेला. मग मालकांनी मला चार पितळी पाट्या दिल्या, बँकेकडं तारण म्हणून. मीच ठोकल्या." लगेच वर बघून म्हणाले, "त्या पाट्यांचं सभेत काढू नगंस. मी सांगितलं त्ये त्यास्नी लगेच कळंल. माझी लेथ जाईल."

नोकरी जाईल असं ते म्हणाले नाहीत. लेथ जाईल म्हणाले. मी शब्द दिला. देताना माझ्या जिवावर आलं, कारण बँकेला यंत्र म्हणून दाखवलेली वस्तू आम्हाला खर्च म्हणून दाखवली होती, याहून धडधडीत पुरावा असू शकत नव्हता. पण दिला.

शेअर आईच्या नावाने, म्हणून तिचा अंगठा घेऊन मी प्रतिनिधीचा कागद तयार केला आणि सभेच्या चार दिवस आधी ऑफिसात नेऊन दिला. हिशेबनीस माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल, कोटाच्या खिशाला दोन पेनं लावायचा. त्याने कागद वाचला, माझ्या अभ्यासाची चौकशी केली आणि गोड हसून म्हणाला, "या की. बसा. मतदान झालं तर मतही द्या. पण नव्या कायद्याप्रमाणे प्रतिनिधीला सभेत बोलता येत नाही, बरं का. बोलायचं असेल तर भागधारक बाईंनी स्वतः बोलावं. बोलतील की त्या. आम्ही ऐकू." मागच्या टेबलावरचे दोघे फिस्सकन हसले.

मी कायदा पाहिला. बरोबर होता. त्या हसण्याचं मी काय करणार होतो, ते मला चिंचवडच्या फाट्यापर्यंत सायकल दामटताना सुचलं.

"आई, तुला बोलावं लागेल," मी म्हणालो.

"काय बोलू त्येवढं सांग."

तिने नाही म्हटलं नाही. घाबरलीही नाही. मीच घाबरलो. रविवारी दुपारी आम्ही पडवीत बसलो. मी भांडवली खर्च, महसुली खर्च असं सुरू केलं; ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "माणसागत बोल." माझी नजर कोपऱ्यातल्या जात्यावर गेली.

"हे जातं आपण आणलं तेव्हा काय काय लागलं?"

तिला सगळं पाठ होतं. दगडाचे अमुक, बैलगाडीचे अमुक. घरी आणल्यावर वडारणीकडून टाकी लावून घेतली, तिला अडशेरी जोंधळे. खुंटा सुताराने केला. "आन् पयलं दळण कचकचीत येतंय, त्ये म्हशीला घातलं. त्ये बी धर."

"मग हे सगळं मिळून जात्याची किंमत. खरं ना?"

"मग? टाकी लावल्याबिगर त्ये नुसता धोंडा हाय."

"आणि आता दर चार महिन्यांनी वडारीण येते ती?"

"त्ये येगळं. त्ये चालू जात्याचं हाय." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलेलं मला दिसलं. "म्हंजे ह्या मुडद्यानं सगळं जातंच वडारणीच्या खात्यावर घातलं?"

परीक्षेत पहिला आलेला एक जण पुढे माझ्या हाताखाली होता. त्याला हे समजावायला मला आठवडा लागला. आईला एक दुपार लागली. आकडे तिने गाठी मारून पाठ केले, पदराला बत्तीसशेची गाठ, दोनशेचाळीसची गाठ. लाभांशाचं गणितही तिला हवं होतं. तोटा साडेसोळाशे, त्यात दुरुस्ती म्हणून कापलेले आठ हजार चारशे परत मिळवायचे, झाले सहा हजार सातशे पन्नास नफा. नव्या लेथींचा घसारा दहा टक्के, आठशेचाळीस, तो मात्र कापायचा. राहिले पाच हजार नऊशे दहा. कर आणि गंगाजळीला एकोणीसशे दहा ठेवले तरी चार हजार उरतात, आणि शेअर आहेत चार हजार.

"शेअरला रुपया," ती म्हणाली. "माझं चाळीस."

"हो."

"चारशेच्या पाटल्यांवर सालाचे चाळीस. आन् ह्यो मला पाटल्यांचे येकशेवीस द्यायला निगालता." तिने पदर आवळला. तिला माझ्यासारखाच राग धरता येतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे तो तिच्याकडूनच आला असणार.

पाट्यांचं मी तिला सांगितलं, आणि आबांना दिलेला शब्दही सांगितला. ती पदराच्या गाठी चाचपत राहिली.

सभा शेडमध्येच भरली. बाकं मांडली होती, टेबलावर हिरवं कापड, आणि मागे चारही लेथींवर ताडपत्री घातलेली. "धूळ बसू नये म्हणून," मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. तीसेक भागधारक असतील. थेरगावचे दोन बागायतदार, कारखान्यातले कामगार, छावणीतला एक सिंधी कापडवाला ज्याच्याकडे तीनशे शेअर होते. बाई एकटी आई. पहिल्या बाकावर बसली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. आबा कामगारांत, मागे.

मालकाने तोट्याचं वाचन केलं, दिलगिरी सांगितली आणि विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" माझ्याकडे बघून विचारलं. आई उभी राहिली.

"मला हाय."

हिशेबनिसाचं हसू मला अजून दिसतं. पहिली गाठ सुटेपर्यंत ते टिकलं. आई जात्यापासून सुरू झाली, लोक हसले, मग थांबले. तिने बत्तीसशे म्हटलं, दोनशेचाळीस म्हटलं, प्रत्येक आकड्याला एक गाठ सोडत गेली. पाचवी गाठ सुटली तेव्हा कापडवाला बाकावर पुढे सरकून बसला होता. "आठ हजार चारशे," ती म्हणाली. "ह्यी लेथींची किंमत हाय. दुरुस्ती न्हवं. त्ये परत धरा, तोटा कुठं दिसतोय त्ये मला दावा."

मालक कच्चा नव्हता. तो रागावला नाही. त्याने टेबलावरून कामाच्या वहीची नक्कल उचलली आणि मोठ्याने म्हणाला, "मिस्त्री, जरा उभे राहा. हे तुमचं अक्षर ना?"

आबा उभे राहिले. "माझंच."

"दुरुस्ती कुणी लिहिलं?"

"मी."

"मी लिहायला सांगितलं होतं? हिशेबनिसांनी?"

"न्हाई. कुणी न्हाई."

"मग वहिनी," मालक हात पसरून म्हणाला, "तुमच्याच घरातलं लिहिणं आम्ही खरं मानलं, हा आमचा गुन्हा का?"

लोक हसले. आबांच्या मानेपर्यंत चढलेली लाली मला मागे वळून दिसली, आणि त्या क्षणी मला मालकाचा जीव घ्यावासा वाटला. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. मला बोलायला बंदी होती. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की हातात लाकडाचं कुसळ घुसलं.

आई बसली नाही. ती आबांकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अवो, त्या ताडपत्रीखाली काय हाय?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही केलेलं नाही म्हणून. ते बाकांमधून वाट काढत पहिल्या लेथकडे गेले, ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या, एकेक, घाई न करता, आणि ती ओढून काढली. लेथ झगझगीत होती. तिच्यावर पितळी पाटी.

"ह्यी पाटी बी मीच ठोकलीय," आबा म्हणाले. "बँकेकडं तारण म्हणून. मालकांनी सांगितलं."

आई मालकाकडे वळली. "दुरुस्तीवर बँक पैकं देती व्हय?"

आता लोक दुसऱ्या बाजूने हसले. कापडवाला उभा राहिला आणि म्हणाला, "सेठ, हिसाब दोबारा बनाओ." थेरगावकर उभे राहिले. मालकाचा चेहरा मी बघत होतो. ज्यासाठी आलो होतो ते मला मिळालं. तोंडाचा चंबू झाला, ओठ सुकले, त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होता. मी इतका सुखावलो की आबा अजून लेथपाशीच उभे आहेत, तिच्यावर हात ठेवून, हे मला दिसलंही नाही.

हिशेब पुन्हा झाले. सव्वा महिन्याने शेअरला रुपया जाहीर झाला. त्याच आठवड्यात आबांना लेथवरून काढून मागच्या अंगणात भंगार निवडायला बसवलं. पगार तोच. काढून टाकलं असतं तर बोभाटा झाला असता. आबांनी बारा दिवस भंगार निवडलं आणि तेराव्या दिवशी पान्याची पिशवी घेऊन घरी आले. पुढे छावणीच्या कडेला एका टपरीत ते सायकली आणि स्टोव्ह नीट करू लागले.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "आमची मजुरी तू कशात धरलीस म्हनालास?"

"लेथींच्या किमतीत. अडीच हजारात तुमचीही आहे."

"म्हंजे मी त्या लेथीत हाय."

"हो."

"आन् आता मी न्हाई तितं. तर त्ये कमी व्हईल?"

"नाही आबा. ते राहतं. घसाऱ्याने हळूहळू उतरेल तेवढंच."

"बरं," ते म्हणाले आणि एका स्टोव्हची पिन साफ करू लागले. मी मालकाला दुसऱ्यांदा शाप दिला आणि पहिल्यांदाच स्वतःलाही.

पुढच्या वर्षी हिशेबनीस आमच्या घरी आला. मालक शेअरला पंधरा रुपये द्यायला तयार होता. सहाशे. पाटल्या झाल्या असत्या आणि वर शंभर-दीडशे उरले असते. मी आईकडे पाहिलं. मी हो म्हणालो असतो. आईने त्याला चहा दिला. मग काचेच्या बांगड्यांचे दोन्ही हात त्याच्यासमोर धरून म्हणाली, "मालकाला म्हनावं, ह्ये हात असंच ऱ्हातील. पाटल्या घातल्या तर त्येला बरं वाटंल. त्येला बरं वाटू द्यायचं न्हाई मला."

आणि तिने ते पाळलं. दर वर्षी सभेला ती जायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि लाभांशाचा कागद घेताना ते मोकळे हात टेबलावर ठेवायची. मालकाला उठून नमस्कार करावा लागायचा. तो तिच्या मनगटांकडे बघायचं टाळायचा, आणि टाळतोय हे सगळ्यांना दिसायचं. सभा संपली की ती सरळ शेडमध्ये आत जायची. तिला कुणी अडवायचं नाही. पहिल्या लेथपाशी जाऊन ती तिच्यावर हात ठेवायची, थोडा वेळ उभी राहायची आणि बाहेर यायची.

फाटकाबाहेर आबा सायकल धरून थांबलेले असायचे. ते आत कधी गेले नाहीत. एवढंच विचारायचे, "चालतीया का?"

"चालतीया," आई म्हणायची. मग ती कॅरिअरवर बसायची आणि ते दोघे चिंचवडकडे निघायचे.